बकारामचा बांड्या

सर्व लहानथोरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, वैनगंगेच्या काठी, कारध्याजवळच्या एका तेलाच्या कारखान्यात अकरा वर्षं इमानानं राबलेला बांड्या नावाचा बैल कधी जन्मालाच आला नव्हता. त्याला आई नव्हती, बाप नव्हता, शिंगं नव्हती आणि शेपूट तर नव्हतंच. तरीही त्याला सर्दी झाली, त्याचे खूर दुखले, एकदा तो दोन दिवस रुसून चाऱ्याला तोंड लावेना, आणि या सगळ्याची लेखी खबर त्याच्या मालकिणीला पोस्टकार्डानं वेळोवेळी जात राहिली. ती पोस्टकार्डं मी लिहिली. शाई माझी, अक्षर माझं, आणि आता कबूल करायला हरकत नाही, खुरांचं दुखणंही माझंच.

बांड्या मात्र बकारामचा.

बकाराम आमच्या कारखान्यात ड्रमवरचा हमाल होता. धानाच्या कोंड्यातून तेल काढायचं, लोखंडी ड्रमात भरायचं आणि ट्रकनं नागपूरच्या साबणवाल्यांकडे पाठवायचं, असा आमचा धंदा. मी तिथं स्टोअरचा कारकून. भरलेला ड्रम दोन क्विंटलच्या आसपास भरायचा. तो हलवणारा माणूस पहिलवान असेल असं तुम्हाला वाटेल. बकाराम होता तुरीच्या काडीसारखा. गुडघ्यापर्यंत धोतर, कारखान्याचा खाकी सदरा, सदऱ्याच्या खिशात तंबाखूची डबी, आणि मान एवढी लांब की तो फाटकाबाहेर उभा राहिला तरी आत काय चाललंय ते त्याला दिसे. पण तो ड्रमपाशी गेला की ड्रम त्याचं ऐकायचा. एक हात वरच्या काठावर, दुसरा ड्रमच्या पोटावर, हलकासा झटका, की ड्रम बुडाच्या कडेवर तिरपा उभा. मग तो ड्रमला गोल गोल फिरवत असा न्यायचा, जसा एखादा नवरदेव मित्रांच्या घोळक्यात नाचत नाचत मांडवाकडे जातो.

"ड्रम उचलाचा नसते, बाबू," तो मला म्हणायचा. "ड्रमाले पटवाचा असते. उचलाले गेला तं तो रुसते."

एकदा एक ड्रम रुसलाच होता. बकारामच्या डाव्या पायाचा अंगठा त्या दिवशी गेला. त्याबद्दल कोणी हळहळलं की तो पाय पुढे करून दाखवायचा आणि म्हणायचा, "नऊ हायेत अजून. जपून वापरून राहिलो."

त्याचं गाव बपेऱ्याकडे, पार मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून. आठवडाभर तो कारखान्याच्या मागच्या चाळीत राही आणि सुटीला एसटीनं घरी जाई. घरी बायको सगुणा आणि ठेक्यानं दिलेली थोडी धानाची जमीन. पूर्वी दारात बैलजोडी होती. एक बैल साप चावून मेला, दुसरा त्याच्यामागं झुरून. सगुणाबाई होती चार बैलांच्या घरची लेक. बाजारातून परत येताना वाटेत कोणाचाही बैल दिसला की ती त्याला नावानं हाक मारायची म्हणे. दुसरा बैल गेला तेव्हा ती चार दिवस कोणाशी बोलली नाही. रडली नाही, भांडली नाही. ओट्यावर बसून राहिली.

त्यानंतर बकाराम नोकरी शोधत कारध्याला आला, आणि पहिल्या सुटीला घरी जाऊन त्यानं सांगितलं, "तेलाच्या कारखान्यात लागलो."

आता तुम्हीच सांगा. गावातल्या बाईला तेल म्हटलं की काय दिसणार? घाणा. आणि घाण्याला काय जुंपलेलं असणार? सगुणाबाईचा चेहरा उजळला. तिनं विचारलं, "बैल कसा हाये?"

बकाराम मला हे सांगत होता तेव्हा आम्ही दोघं फाटकापाशी बसलो होतो. "बाबू, सच सांगतो," तो म्हणाला, "मी तोंड उघडलं होतं. कारखान्यात इंजिन हाये, मोठी मोठी टाकी हाये, हमालीचं काम हाये, सारं सांगाचं होतं. पण ती चार महिन्यानं हासली होती. मी म्हटलं, बरा हाये. तिनं नाव इचारलं. मी म्हटलं, बांड्या."

"बांड्या काहून?"

"शेपूट कुठून आणू म्हटलं? एक तं बैल नाही. त्यात शेपूट बी असती तं केवढी लबाडी झाली असती!"

शेपूट तुटलेल्या बैलाला आमच्याकडे बांड्या म्हणतात. म्हणजे बकारामनं खोटं बोलताना जमेल तेवढी काटकसर केली होती.

असा बैल आधी आला आणि त्याचं अंग मागाहून. वर्षभरानं कारखान्यानं ड्रम हलवायची ढकलगाडी मागवली. ती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: माणसाच्या छातीएवढी उंच लोखंडी चौकट, वर दोन मुठी, खाली दोन भक्कम रबरी चाकं. तळाशी ड्रमच्या बुडाखाली सरकणारी दोन लोखंडी बोटं, आणि वर ड्रमचा काठ धरणारा आकडा. बोटं खाली सरकवायची, आकडा काठात अडकवायचा, चाकांच्या आसावर पाय ठेवून मुठी आपल्याकडे ओढायच्या. ड्रम मागं कलतो, भार चाकांवर जातो, आणि दोन क्विंटलचं धूड घेऊन माणूस शीळ घालत चालायला लागतो.

गाडी दाखवायला नागपूरहून एक विक्रेता आला होता. पांढरी पँट, पांढरे बूट, केसांना तेल, आणि हिंदीत भाषण. आम्ही सगळे गोल करून उभे. त्यानं आकडा लावला, मुठी ओढल्या, ड्रम कलवला, चार पावलं चालला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "देखिए, बच्चा भी चला सकता है!" वळताना त्याचे हात जरा वर गेले. तेवढंच निमित्त. ड्रमनं ठरवलं की आपण पुन्हा उभं राहावं. तो धाडकन उभा राहिला, मुठी वर उडाल्या आणि त्या मुठींवर पोटानं अडकून विक्रेता जमिनीपासून वीतभर वर लटकला. पांढरे बूट हवेत चालत होते.

फिटर रामटेके माझ्या शेजारी उभा होता. आमच्या कारखान्यातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "बच्चा तं चालवून राहिला बाप्पा."

बकाराम शांतपणे पुढे गेला. विक्रेत्याला बगलेत धरून खाली उतरवला. मग गाडीभोवती एक फेरी मारली, चाकं दाबून पाहिली, आकड्यात बोट घातलं, आसाला हात लावला. बाजारात बैल घेणारा माणूस दात पाहतो, खूर पाहतो, वशिंडावर थाप मारतो, तसंच सगळं. मग मुठी धरल्या, ड्रम हळूच कलवला, थोडा पुढे, थोडा मागे, आणि एका जागी येऊन थांबला. त्याच्या तोंडावर जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही. त्याला ओळख पटली होती.

"भार हाताले कळला तं आपुन चुकलो," तो म्हणाला. "आता पाहा. काहीच नाही. पाण्यावर ठेवल्यासारखा."

मग त्यानं गाडीच्या चौकटीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर तिला नाव दिलं. विक्रेता बिचारा बूट पुसत होता. आपण नागपूरहून बैल आणलाय हे त्याला कळलंच नाही.

त्या दिवसापासून बांड्याचं सगळं रीतसर सुरू झालं. रोज सकाळी आसाला तेल. दुपारी जेवणाच्या सुटीत बांड्या आंब्याच्या सावलीत, ऊन सरकलं की बांड्याही सरकणार. संध्याकाळी चाकांतली माती काढायची. वळणावर "हो, हो, दमानं गा" असं बोलायचं. दुसऱ्या हमालानं गाडी आदळली की बकाराम त्याच्याशी दोन दिवस बोलत नसे. आणि एका वेळी एकच ड्रम, हा कायदा. कोणी म्हणालं की वर एखादी पेटीही ठेव, जाईल, तर तो विचारी, "तुह्या खांद्यावर बसू का मी? जाशीन तं तू बी."

एकदा कारखान्याचे शेटजी पाहणीला आले. शेटजींचं शरीर ऐसपैस. अंगणात सांडलेल्या तेलावरून त्यांचा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. चौघांनी उचलायचा प्रयत्न केला, पण शेटजी कुठून धरावेत हेच कोणाला कळेना. बकाराम बांड्याला घेऊन आला. शेटजींना चौकटीला पाठ लावून उभं केलं, दुपट्ट्यानं पोटाशी बांधलं आणि कानात म्हणाला, "साहेब, अंग सैल सोडा. ड्रमासारखं." शेटजींनी सोडलं. बकारामनं त्यांना कलवलं आणि आभाळाकडे तोंड केलेले शेटजी सगळ्या कामगारांच्या मधून, हात छातीवर जोडलेले, सरळ ऑफिसपर्यंत गेले. उतरताना ते म्हणाले की नागपूरच्या मोटारीतही एवढा आराम नाही. बकारामनं त्यांच्याकडे पाठ करून बांड्याला विचारलं, "जड होते का गा?"

गावाकडे पोस्टकार्डं मी लिहीत असे, आणि त्यात या सगळ्याची बैलाच्या भाषेत एकच ओळ होई. बकारामला लिहिता येत नव्हतं. गावाकडून सगुणाबाईची कार्डं येत, ती तिथले गुरुजी लिहीत. "स. न. वि. वि." असं थाटात सुरू होई आणि दुसऱ्याच ओळीला गुरुजी हरत, सगुणाबाई सुरू होई: "बांड्याले पावसात भिजू देऊ नोका. त्याले सकाळी सकाळी हाकू नोका. तुमाले तं बोलाची सोय हाये, तो कोणाले सांगन?" बकाराम ते दोनदा वाचून घेई. मग म्हणे, "लिवा, बांड्या बरा हाये."

दर वेळी बांड्या बरा हाये. दर वेळी! मी कंटाळलो. लिहिणाऱ्याच्या हातात एक आख्खा बैल दिला आणि त्याला काहीच होऊ द्यायचं नाही, हा जुलूमच म्हणायचा. एकदा मी बकारामला न सांगता खाली एक ओळ घातली: "बांड्याचे खूर दुखतात. चालताना थांबतो."

आठ दिवसांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती एक बोचकं आलं. आत हळद, करंजाच्या तेलाची बाटली आणि कार्ड. सगुणाबाईनं बांड्या नीट चालेपर्यंत पायात चप्पल न घालायचा नेम धरला होता. दिवस होते वैशाखाचे.

मी ते वाचून दाखवलं. बकारामनं माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बाबू," तो म्हणाला, "आता ताबडतोब बरा करा त्याले."

"तार करतो!" मी उठलोच.

रामटेके दारात उभा होता. "तार नोको करू," तो म्हणाला. "दारात तारवाला पाहून बाई तिथंच मरून जाईन. तू जा अन् सांगून ये."

पण बकाराम स्वतःच गेला. रजा टाकून, दोन एसट्या बदलून, फक्त एवढं सांगायला की बैल चालायला लागला. परत आल्यावर त्यानं करंजाचं तेल बांड्याच्या आसाला लावलं. बाईची वस्तू, वाया कशी घालवायची? आणि मग माझ्याजवळ बसून म्हणाला, "सांगाच्या तयारीनंच गेल्तो. घाणा नाही, बैल नाही, सारं. पण तिच्या पायाले फोड आल्ते. त्या फोडाले काय सांगू? तुहा बैल लोखंडाचा हाये म्हणून? तिले कळलं तं ती मले शिव्या नाही देणार, बाबू. शिव्या देल्या तं मी खाईन. ती उगी बसन. त्याचंच भेव हाये."

तेव्हापासून बांड्याची तब्येत आमच्या हातून कधी बिघडली नाही. सर्दी झाली असेल, एकदा दोन दिवस रुसला असेल, पण तेही जाता जाता.

आणीबाणी उठल्यानंतर सबनीस नावाचे नवे मॅनेजर आले. मूळचे कोकणातले. शिस्तीचे, कडक इस्त्रीचे आणि घड्याळाचे. त्यांचा पहिलाच पोळा. आदल्या संध्याकाळी बकारामनं बांड्याला धुतलं, मुठींना गेरू लावला, दोन्ही चाकांना हळद चोपडली आणि समोर उभं राहून रीतीप्रमाणे आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सकाळी बांड्या कपाळाला बाशिंग, अंगावर गोणपाटाची झूल, गळ्यात म्हणजे आकड्याला घुंगरू, असा अंगणाच्या मधोमध. समोर केळीच्या पानावर सगुणाबाईनं पाठवलेली पुरणपोळी. आणि फाटकात नागपूरचा ट्रक. बत्तीस ड्रम आजच चढवायचे.

सबनीस साहेब बाहेर आले. "हे काय आहे?"

"बैल हाये, साहेब."

"ही ढकलगाडी आहे."

"ते बाकीच्या दिवशी. आज पोळा हाये. आज बैलाच्या मानेवर जू नसते."

"बत्तीस ड्रम आहेत, बकाराम! गाडी घे आणि सुरू कर."

"त्याले आवतन देल्लं, साहेब. जेवाले बोलावलेल्या पाहुण्याले कोणी कामाले लावते का? तुमच्याकडं लावत असन तं सांगा."

मागं हमालांत खसखस पिकली. सबनीस लाल झाले. "गाडी घेणार नसशील तर उद्यापासून कामावर येऊ नकोस. आणि तुलाही आज सुट्टी पाहिजे असेल, नाही का?"

"मले?" बकारामला खरोखर आश्चर्य वाटलं. "मले कायची सुट्टी? मी का बैल आहो?"

त्यानं दुपट्टा कमरेला बांधला, पहिल्या ड्रमपाशी गेला, काठावर हात ठेवला आणि ड्रमला पटवायला सुरुवात केली. किती वर्षांत त्यानं हातानं ड्रम नेला नव्हता. वय पन्नाशीला टेकलेलं, बोटं नऊ. पहिला ड्रम नाचत गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. बाकीचे हमाल एकमेकांकडे पाहून पुढे झाले. बांड्याला कोणी हात लावला नाही. सबनीस साहेब घड्याळ धरून उभे होते. आठव्या ड्रमला त्यांनी घड्याळ पाहायचं सोडलं. बाराव्या ड्रमला ते पाहत राहिले ते बकारामचा पाय. तेव्हाच बारीक पाऊस आला. बकाराम ट्रकपाशी, हात ड्रमवर गुंतलेले. तिथूनच त्यानं ओरडून सांगितलं, "साहेब! बांड्या भिजून राहिला!"

आणि सबनीस साहेबांनी, काय करतोय हे कळायच्या आत, आपली छत्री उघडून ढकलगाडीवर धरली. स्वतः भिजले. बत्तिसावा ड्रम चढेपर्यंत धरून होते. कोणी हसलं नाही. पोळी अर्धी साहेबांना मिळाली. पुढच्या वर्षापासून फलकावर त्यांच्या सहीची सूचना लागू लागली की पोळ्याच्या दिवशी ढकलगाडी बंद राहील.

असे दिवस गेले आणि टँकर आले. तेल नळीतून थेट टँकरमध्ये जाऊ लागलं, ड्रम गेले, बांड्याला काम उरलं नाही. तो आंब्याखाली उभा असे. भंगारवाला आला की बकाराम त्याच्यासमोर जाऊन उभा राही. त्याच वर्षी बकारामचीही निवृत्ती आली, आणि गावाकडून कार्ड आलं. माझ्या हाताला ते जड लागलं. "आता तुमी घरी येऊन राहिले. बांड्याले मांगं सोडू नोका. तो बी म्हातारा झाला असन. साहेबाचे पाय धरा पण त्याले घेऊन या. मी कोठा सारवून ठेवला."

बकारामनं ते दोनदा नाही, चार वेळा वाचून घेतलं.

"नवा बैल विकत घे," मी म्हणालो. "तुमसरच्या बाजारात मिळन एखादा शेपूट तुटका."

"अन् ह्याले भंगारात देऊ?" त्यानं आंब्याकडे बोट दाखवलं. "नाही, बाबू. तिचा बैल हाच हाये. तिनं ह्यालेच पोळ्या धाडल्या. आता जे होईन ते होईन."

निरोपाच्या समारंभात निवृत्त होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत होती. सबनीस साहेबांनी भाषण केलं, नारळ दिला, घड्याळ पुढे केलं. बकारामनं हात जोडले. "घड्याळ नोको, साहेब. मले बांड्या द्या."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि म्हणाले, "आणि घड्याळही घेऊन जा. त्याला चाऱ्याची वेळ कळायला नको?"

पोहोचवायला मी गेलो. पाप माझ्याही अक्षरात होतं ना! भंडाऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं गाडी पाहून विचारलं, "हे काय हाये?" बकाराम सवयीनं म्हणाला, "बैल." कंडक्टर म्हणाला, "बैल टपावर नेत नाही बावा." मी म्हणालो, "सामान आहे हो, सामान." बकारामनं माझ्याकडे असं पाहिलं की तुमसरपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होतो. तिथं दुसरी एसटी धरली. टपावर बांड्या, खाली आम्ही. रस्त्यात खड्डा आला की बकाराम छताकडे पाही.

उतरल्यावर बैलबंडीच्या वाटेनं त्याचं गाव. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, मधून बांड्या पुढे आणि आम्ही मागे. गावाच्या तोंडाशी येऊन बकाराम थांबला. तंबाखूची डबी काढली, उघडली, बंद केली.

"बाबू, तुमी सांगा तिले."

"मी काहून?"

"कार्डं तुमी लिवले."

"बैल तू केला!"

"खूर कोणी दुखवले?"

शेवटी कोणी काहीच सांगायचं नाही, फक्त चालत जायचं, असं ठरलं.

घराशी पोहोचलो आणि माझे पाय जागीच थांबले. कोठा शेणानं सारवलेला, नवा खुंटा रोवलेला, गव्हाण स्वच्छ, पाण्याचं घमेलं भरलेलं, आणि धानाच्या पेंढ्याची तनस पार आढ्यापर्यंत रचलेली. दारात सगुणाबाई. बारीक अंगाची, पिकल्या केसांची. एका हातात हळदीकुंकवाचं ताट, दुसऱ्या हातात बैलाचे पाय धुवायला पाण्याचा गडवा. तिनं बकारामकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या मागं, बोळाच्या टोकापर्यंत पाहिलं.

"बांड्या कुठी हाये?"

बकारामचे हात मुठींवर होते. "हाच," तो म्हणाला.

ती जवळ आली. गाडीभोवती एक फेरी मारली, जशी त्यानं पहिल्या दिवशी मारली होती. आकड्याला हात लावला. चाक दाबून पाहिलं. मुठींवर बकारामच्या हातांनी लोखंड घासून चकचकीत झालं होतं, तिथं तिनं बोट फिरवलं. शेजारच्या दोन बाया कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी," मी म्हणालो, "चूक खरं तर माझी..."

तिनं हात वर केला.

मग ती गुडघ्यावर हात देऊन सावकाश ओट्यावर बसली. ताट मांडीवर. बकारामचा चेहरा पांढरा पडला. ती कोठ्याकडे पाहत होती, त्या तनशीच्या ढिगाकडे, त्या भरल्या घमेल्याकडे. बराच वेळ. आणि मग तिनं एवढा मोठा श्वास सोडला की ताटातलं कुंकू उडालं, आणि कुडापाशी उभ्या असलेल्या बायांनाच काय, अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"बरं झालं माय! आता रोज पहाटे उठून शेण तं नाही काढा लागत!"